नोकरी वाचनाची

1929 च्या सुमारास पुण्यातल्या इतिहासवाल्यांत एका नेमणुकीवरून बरीच धुसफुस झाली. पेशव्यांचं दफ्तर अभ्यासकांना खुलं करा, अशी मागणी पुणेकर कित्येक वर्षं करत होते. मुंबई सरकारनं अखेर ते उघडायचं ठरवलं, पण निवड करून छापण्याचं काम सोपवलं ते बडोदे संस्थानातून निवृत्त झालेल्या, कामशेतला घर बांधून राहिलेल्या एका चौसष्ट वर्षांच्या गृहस्थाकडे. ज्यांनी घरोघर हिंडून, माळे धुंडाळून, प्रसंगी पदरमोड करून कागद गोळा केले होते, ते बाजूला राहिले. आणि ज्यानं उमेदीची वर्षं एका राजाला पुस्तकं वाचून दाखवण्यात, राजपुत्रांना शिकवण्यात आणि दरबारच्या कागदांची व्यवस्था लावण्यात घालवली, त्याच्यासमोर दफ्तराची दारं उघडली.

हे गृहस्थ म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई, मराठी वाचकांचे रियासतकार.

त्या काळच्या पुण्यात ‘नोकरदार’ या शब्दाला थोडा कमीपणाचा वास होता, आणि संस्थानी नोकरदार म्हटलं की तो वास अधिकच. व्रतस्थ संशोधक हा मान वि. का. राजवाड्यांचा. सरदेसाई पगारी माणूस. पण दफ्तराचं काम ज्या वेगानं आणि ज्या शिस्तीनं पुरं झालं, ते पाहिलं की असं वाटतं, ती छत्तीस वर्षांची नोकरीच इथे कामाला आली. दुसऱ्यासाठी वाचणं, वाचलेल्याचा सारांश काढणं, कागद जागच्या जागी ठेवणं आणि काम ठरल्या वेळी हातावेगळं करणं हे चिटणिसी कसब आहे. सरदेशांनी इतिहास लिहिला तो याच कसबावर. त्यांचे गुण तिथूनच आले, आणि उणिवाही.

सरदेशांचा जन्म 17 मे 1865 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण आधी रत्नागिरीला, मग पुण्याला. फर्ग्युसन कॉलेज 1885 साली सुरू झालं, आणि सरदेसाई त्याच्या अगदी पहिल्या काळातले विद्यार्थी. तेव्हा ते कॉलेज टेकडीखालच्या प्रशस्त आवारात नव्हतं, शहरातल्या वाड्यात भरत असे. शिकवायला टिळक आणि आगरकर होते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1888 साली ते बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या कोकणी मुलापुढे वाटा तीनच : वकिली, मास्तरकी किंवा सरकारी कचेरी. चौथी वाट संस्थानाची. सरदेसाई 1889 साली बडोद्याला गेले. पद होतं ‘रीडर’, म्हणजे महाराजांचा वाचक.

वाचक हे पद आज विचित्र वाटेल. पण बडोद्याच्या गादीवर बसलेला माणूसच निराळा होता. सयाजीराव तिसरे हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे शेतकरी कुटुंबातले. 1875 साली दत्तक आले तेव्हा वय बारा, आणि अक्षरओळख जवळजवळ नव्हती. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली ते शिकले, 1881 अखेर राज्यकारभार हाती घेतला आणि मग जन्मभर शिकतच राहिले. उशिरा लागलेली ही भूक पुढे कधी शमली नाही. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास वाचून त्यांनी टिपणं काढली, आणि त्यांचं इंग्रजी पुस्तक 1896 साली प्रसिद्ध झालं. असा मालक असला की वाचकाची नोकरी सोपी राहत नाही. पुस्तक निवडायचं, आधी आपण पचवायचं, मग त्यातलं नेमकं तेवढं पुढे ठेवायचं. वर प्रश्न आले तर उत्तरं हवीत. मालक सरदेशांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा, म्हणजे वडीलधाऱ्याची सबुरीही त्याच्याकडून मिळण्याची शक्यता कमी.

महाराजांसाठी वाचता वाचता सरदेसाई लिहू लागले. मॅकिआव्हेलीच्या ‘द प्रिन्स’चा अनुवाद त्यांनी ‘राजधर्म’ या नावानं 1890 साली केला. नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष होतंय, आणि पंचविशीतला कारकून राजाच्या घरात बसून राजानं कसं वागावं याचं जगातलं सगळ्यात निर्ढावलेलं पुस्तक मराठीत आणतोय, यातली गंमत सरदेशांच्या लक्षात आली असेल की नाही कोण जाणे. तीनच वर्षांनी सीलीच्या पुस्तकाचा ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ हा अनुवाद आला. इंग्रजांचं साम्राज्य कसं वाढलं हे सांगणारं ते पुस्तक. पहिल्यात राज्य टिकवायचं कसं, दुसऱ्यात राज्य वाढतं कसं. मराठ्यांच्या इतिहासाकडे वळण्याआधी त्यांच्या वाचनाची बैठक ही अशी घडली होती.

मग राजपुत्रांची शिकवणी आली. शिकवायला इतिहास, आणि मराठीत हाताशी धड पुस्तक नाही. ग्रँट डफचा इंग्रजी ग्रंथ होता, बखरी होत्या. पण मुलासमोर ठेवावी अशी सलग कथा नव्हती. सरदेशांनी टिपणं काढायला सुरुवात केली. टिपणांची प्रकरणं झाली, प्रकरणांचा ग्रंथ झाला. ‘मुसलमानी रियासत’ 1898 साली छापून निघाली, ‘मराठी रियासती’चा पहिला भाग 1902 साली आला आणि 1932 पर्यंत तिचे भाग येत राहिले. ‘ब्रिटिश रियासत’ त्याच मालिकेत. अकराव्या शतकातल्या स्वाऱ्यांपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा पट एका माणसानं, पूर्णवेळ नोकरी सांभाळून, मराठीत मांडला.

ज्या वर्षी ‘मुसलमानी रियासत’ आली त्याच वर्षी राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. योगायोग खरा, पण बोलका. राजवाडे पानिपतच्या आगेमागची पत्रं छापत होते आणि त्यांना जोडलेल्या प्रस्तावनांत सगळ्या जगाशी भांडत होते. सरदेसाई उपलब्ध सामग्रीतून सलग हकीकत रचत होते. एक कागदांचा शिकारी, दुसरा कागदांची व्यवस्था लावणारा. त्याच सुमारास वासुदेवशास्त्री खरे मिरजेत आणि द. ब. पारसनीस साताऱ्यात साधनं छापू लागले. त्यामुळे सरदेशांचं कालपर्यंतचं प्रकरण आज शिळं व्हायचं. ते कुरकुरत बसले नाहीत. नवे कागद आले की भाग पुन्हा लिहायचा, हा क्रम त्यांनी लावून घेतला. साहेबानं टिपण परत पाठवलं तर नव्यानं लिहून द्यायचं, ही कचेरीतली सवय होतीच. इथे साहेबाच्या जागी पुरावा होता, इतकंच.

बडोद्याच्या नोकरीत पुस्तकांशिवायही बरंच काही होतं. शिकवणी, पत्रव्यवहार, राजवाड्याच्या खासगी खात्याचे कागद आणि हिशेब. महाराज युरोपच्या सफरीला निघाले की बरोबर जायचं. शिवाय त्या दरबारात विद्वानांना कारकुनी करावी लागण्याची जणू रीतच होती. अरविंद घोष 1893 साली केंब्रिजचं शिक्षण घेऊन आले ते संस्थानच्या नोकरीत. महाराजांच्या काश्मीरच्या प्रवासात 1903 साली चिटणिसी त्यांच्याकडे होती. रमेशचंद्र दत्त आधी महसुलाचा कारभार पाहत, मग दिवाण झाले. 1917 साली डॉ. आंबेडकर महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून रुजू झाले आणि अस्पृश्यतेच्या चटक्यांनी थोड्याच दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. महाराजांनी गुणी माणसं हेरली हे खरं. त्या माणसांना त्या शहरानं कसं वागवलं, ही दुसरी बाजूही तितकीच खरी.

या मांडवात सरदेसाई टिकले, छत्तीस वर्षं टिकले. त्यासाठी जिभेवर ताबा लागतो. 1911 च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला मुजरा करताना रिवाज पाळला नाही म्हणून गदारोळ झाला आणि त्यांना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. बडोद्यावर रेसिडेंटाची नजर होती. अशा घरात राहून मराठ्यांचं राज्य इंग्रजांनी कसं घेतलं याचा इतिहास लिहायचा, तर शब्द तोलून वापरावा लागतो. ‘रियासती’ची भाषा शांत आहे, प्रसंगी सपाट वाटावी इतकी. राजवाड्यांची धग तिच्यात नाही, इतिहासकार शेजवलकरांची धारही नाही. स्वभाव तसा होताच, पण नोकरीनंही तो घोटून घेतला असणार.

या शांत माणसाची आयुष्यभराची मैत्री जुळली ती एका करड्या माणसाशी. जदुनाथ सरकार बंगालचे, औरंगजेबाचे इतिहासकार. फारसी साधनांवर त्यांचा हात बसला होता, पण औरंगजेबाची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत गेली, तेव्हा मराठी कागदांवाचून त्यांचं काम अडणार हे उघड होतं. 1904 च्या सुमारास दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालला. फारसी मजकुराची अडचण आली की सरदेसाई जदुनाथांना विचारणार, मराठीची अडचण आली की जदुनाथ सरदेशांना. दोघांनी मिळून किल्ले पाहिले, रणभूमी तुडवल्या. एकमेकांच्या मताला मान डोलावणं मात्र नव्हतं. मराठ्यांच्या राज्यविस्तारामागे धर्मरक्षणाचं आणि स्वराज्याचं ध्येय होतं असं सरदेसाई मानत. जदुनाथांना त्या ध्येयापेक्षा चौथाईच्या वसुलीचे आकडे जास्त दिसत. त्यांचं ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ 1919 साली आलं तेव्हा पुण्यात नाराजी उसळली. आणि सरदेसाई त्यांचे स्नेही, म्हणजे त्या नाराजीचे वाटेकरी.

1925 साली सरदेसाई निवृत्त झाले आणि बडोद्यात न राहता कामशेतला आले. पुण्याहून लोणावळ्याच्या वाटेवरचं हे गाव. आज लोकलनं तासाभराचं अंतर. जवळून इंद्रायणी वाहते. पुण्यात घर केलं असतं तर भारत इतिहास संशोधक मंडळात ऊठबस झाली असती, सभा-संमेलनं झाली असती. त्यांनी पुण्याला जवळ ठेवलं, पण अंगाला लावून घेतलं नाही. कामशेतच्या घरी जदुनाथही येऊन राहत. निवृत्तीच्या पुढच्या वर्षी पाटणा विद्यापीठात सरदेशांनी मराठ्यांच्या इतिहासातल्या मुख्य प्रवाहांवर इंग्रजीत व्याख्यानं दिली. म्हणजे निवृत्तीचा अर्थ त्यांच्या लेखी मालक बदलणं इतकाच होता.

आता दफ्तर. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर तिचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांना इतिहासात रस नव्हता, जमिनीत होता. कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं, कोणाची सनद कुठल्या सालची, याची शहानिशा करायला इनाम कमिशननं हे कागद वापरले, आणि ज्या कचेरीत ते राहिले तिचं नावच ‘एलिनेशन ऑफिस’ पडलं. पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरातली तिची दगडी इमारत 1891 ची. रास्ता पेठेतल्या माणसालाही ती परकी वाटावी अशी कॅम्पच्या बाजूची जागा. आत बाहेरच्या अभ्यासकाला शिरकाव मिळणं दुरापास्त. जुने कागद खुले केले तर इनामांचे जुने दावे उठतील ही एक भीती, आणि पुण्यातले ब्राह्मण पेशव्यांचे कागद वाचून काय करतील ही दुसरी. न्यायमूर्ती रानड्यांच्या खटपटीमुळे आणि गणेश चिमणाजी वाडांनी काढलेल्या उताऱ्यांमुळे पेशव्यांच्या रोजनिशांतली काही निवड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापली गेली होती. बाकी सगळं गाठीत.

गाठीत हे अक्षरशः. दफ्तरातला कागद रुमालात असतो. रुमाल म्हणजे चौकोनी जाडंभरडं कापड. त्यात पुडकी ठेवायची, चारही टोकं आवळायची, गाठ मारायची आणि फळीवर मांडायचं. असे रुमाल 34,972. त्यांत मोडीतले 27,332, इंग्रजी 7,482, गुजराती 129 आणि फारसी 29. गाठ सोडली की आतून हातकागदाचे लांबट बंद निघतात, घड्यांवर घड्या घातलेले. घडीच्या जागी कागद विरलेला. माथ्यावर ‘श्री’, खाली मायना, मग ‘विनंती उपरी’ म्हणून मजकूर सुरू झाला की बोरू ओळ संपेपर्यंत उचललेला नाही. शब्दाशब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम तर नाहीच. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचा ‘व’ आणि ‘ब’ एकमेकांसारखे दिसतात, आणि माणसाचं नाव लावताना पंचाईत होते.

त्याहून मोठी पंचाईत तारखेची. पत्राच्या शेवटी ‘छ 14 रजब’ असं काहीतरी असतं. छ म्हणजे चंद्र, रजबचा चौदावा चंद्र. साल बहुधा नाहीच, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते साल ठाऊक होतं. आता रजब दर वर्षी येतो, आणि इंग्रजी पंचांगाच्या मानानं दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे जंत्री उघडून बसायचं, आणि पत्रात आलेली छावणी, कोणाचं आजारपण, नदीचा पूर, एखाद्याच्या मुलाची मुंज, असा जो धागा हाती लागेल तो धरून साल ठरवायचं. साल चुकलं तर बाजीरावाचं पत्र नानासाहेबाच्या गळ्यात पडतं. छापील खंडात अशा चुका झाल्याच नाहीत असं नाही. पुढच्या अभ्यासकांनी काही पत्रांच्या तारखा बदलल्याही आहेत.

मोडी वाचणाऱ्या तरुण साहाय्यकांचं पथक घेऊन सरदेसाई या ढिगाला भिडले. जदुनाथांचा सल्ला पाठीशी होता. नेमणुकीमागेही त्यांचाच शब्द होता. 1930 साली पहिले खंड छापून निघाले आणि 1934 पर्यंत 45 खंड पुरे झाले. वर्षाला सरासरी नऊ. निवडलेले कागद 8,650, छापील पानं 7,801. पानिपतच्या मोहिमेची पत्रं दुसऱ्याच खंडात आली. पहिल्या बाजीरावाच्या कुटुंबाची पत्रं नवव्यात. मस्तानीवरून शनिवारवाड्यात काय चाललं होतं ते ऐकीव कथांतून बाहेर येऊन घरच्यांच्या पत्रांत दिसू लागलं.

खंड उघडून एखादं पत्र पाहावं. वर क्रमांक, शेजारी ठरवलेली इंग्रजी तारीख, त्याखाली दोन-चार ओळींचा इंग्रजी गोषवारा, मग मूळ मराठी मजकूर. ‘महाराज, या पत्रात एवढं आहे’ असं सांगण्याची रीत इथे हजारो वेळा वापरलेली दिसते. मोडी न येणारा, किंबहुना मराठीही न येणारा अभ्यासक नुसते गोषवारे वाचून आपल्याला कोणतं पत्र हवं ते हेरू शकतो. संशोधकाला आपला सिद्धांत मांडण्याची घाई असते. सरदेशांनी या खंडांत सिद्धांताला बाजूला बसवलं. दुसऱ्याचं वाचन सोपं करणं हे काम त्यांनी बडोद्यात पगारासाठी केलं, इथे ते हाडात भिनलेलं दिसतं.

पुण्याची तक्रार वेगळी होती आणि ती पूर्णपणे फेटाळता येत नाही. एवढ्या ढिगातून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे एका माणसानं ठरवलं. राजकारणाचे कागद आले. गावगाड्याचे, जमाखर्चाचे, बाजारभावाचे कागद त्या मानानं थोडे. इतिहास म्हणजे मोहिमा, तह आणि वारसाहक्क, ही त्या पिढीची समजूत निवडीतही उतरली. आज एखाद्या परगण्याच्या शेतसाऱ्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला 45 खंड चाळूनही शेवटी रुमालच सोडावे लागतात. शिवाय घाई होतीच. पण सगळं वाचून, सगळं ताडून मगच छापू, असं म्हणणाऱ्यांच्या हाती ते काम गेलं असतं, तर पहिला खंड कधी निघाला असता?

या वादाच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस होता, तोही चिटणीसच. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची चिटणिसी दत्तो वामन पोतदारांनी सुमारे तीन दशकं केली. चिटणीसपद बिनपगारी, मानाचं. पोतदारांची स्मरणशक्ती अफाट, वक्तृत्व त्याहून अफाट, आणि पुण्यातली अशी संस्था विरळा जिथे त्यांची खुर्ची नव्हती. कोणाकडे कुठले कागद आहेत हे त्यांना तोंडपाठ. सरदेसाई आणि पोतदार, दोघांच्या विद्वत्तेत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. फरक सवयीचा होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारनं शिवचरित्र लिहिण्याचं काम पोतदारांवर सोपवलं. ते लिहून होण्याची वाट महाराष्ट्र बरीच वर्षं पाहत राहिला. पोतदार 1979 साली गेले, शिवचरित्र झालं नाही. बोलणारा चिटणीस आणि लिहिणारा चिटणीस, असे दोन नमुने पुण्यानं एकाच काळात पाहिले. पुण्याचं प्रेम अर्थातच पहिल्यावर जास्त.

  

सरदेशांच्या घरात मात्र या सगळ्या काळात फार पडझड झाली. दोन मुलगे. थोरला श्यामकांत शांतिनिकेतनात शिकला, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि 1925 साली तिकडेच वारला. म्हणजे निवृत्तीचं आणि मुलाच्या मृत्यूचं वर्ष एकच. धाकटाही हयातीतच गेला. बापानं काय केलं, तर मुलाची पत्रं जमवली, लावली आणि पुस्तकरूपानं छापली. ‘श्यामकांतची पत्रे’ हे पुस्तक वाचणाऱ्याला त्यातला विद्यार्थी भेटतो. ते लावणारा हात बाजूला राहतो. परक्यांची हजारो पत्रं क्रमवार लावलेल्या माणसानं घरचीही लावली, यापलीकडे त्यावर काही बोलावंसं वाटत नाही. 1943 साली पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. कामशेतच्या घरात सरदेसाई एकटे राहिले. जदुनाथांच्या घरीही असंच चाललं होतं. फाळणीच्या काळातल्या कोलकात्याच्या दंगलीत त्यांचा मुलगा मारला गेला. दोघा म्हाताऱ्यांच्या पत्रांत दुःखाची विचारपूस होते, आणि मग लगेच कुठल्यातरी कागदाच्या तारखेचा प्रश्न येतो.

सरकारी कामही संपलेलं नव्हतं. पुण्याच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार छापण्याची दुसरी मोठी माला 1936 पासून निघू लागली. तिचं संपादन जदुनाथ आणि सरदेसाई या दोघांच्या देखरेखीखाली चाललं. पहिला खंड जदुनाथांनी केला, महादजी शिंद्यांच्या उत्तरेतल्या राजकारणाचा. नाना फडणिसांच्या पुण्यातला रेसिडेंट मॅलेटचा मुक्काम सरदेशांच्या वाट्याला आला. पेशवे दफ्तरात पुणेकरांची बाजू, रेसिडेन्सीच्या कागदांत त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्याची बाजू. दोन्ही ढीग एकाच माणसाच्या हाताखालून गेले.

आणि मग वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. इंग्रजीत. ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’चे तीन खंड 1946 ते 1948 या काळात आले. शिवाजी आणि त्याचा वंश, मग सत्तेचा विस्तार, मग महाराष्ट्रावरचा सूर्यास्त. तीस वर्षं मराठीत भाग पाडत आणलेली गोष्ट आता 45 खंडांच्या पुराव्यासकट एका बैठकीत मांडली. इंग्रजीत कशाला, असं काहींना वाटलं. पण मराठ्यांचा इतिहास महाराष्ट्राबाहेर ज्यांना वाचायचा होता त्यांच्यापुढे तोवर ग्रँट डफ हाच मुख्य आधार होता, आणि त्याचा ग्रंथ 1826 चा. शंभराहून अधिक वर्षं मुख्यतः एकाच ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेनं आपली हकीकत बाहेर गेली, हे सरदेशांना बोचत असणार.

‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र 1956 साली आलं, तेव्हा वय एक्क्याण्णव. पुढच्या वर्षी पद्मभूषण. मे 1958 मध्ये जदुनाथ गेले. 29 नोव्हेंबर 1959 रोजी कामशेतला सरदेसाई गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन. महाराष्ट्र राज्य व्हायला पाच महिने उरले होते.

त्यांच्यामागे काय चालू राहिलं, तर वापर. श्री. रा. टिकेकरांनी 1938 साली त्यांच्या गौरवार्थ ग्रंथ काढला होता. 1964 साली त्यांनी इतिहासलेखनाच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्यात अभ्यासासाठी तिघे निवडले : जदुनाथ, सरदेसाई आणि भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे. ‘मराठी रियासत’ कित्येक वर्षं बाजारात मिळत नव्हती. स. मा. गर्ग्यांनी ती संपादित केली आणि पॉप्युलर प्रकाशनानं 1988 ते 1992 या काळात आठ खंडांत पुन्हा छापली. पेठांमधल्या घरांत हे खंड आजही एकगठ्ठा दिसतात, काही वाचलेले, काही नुसतेच मांडलेले. मराठेशाहीवर कादंबरी लिहायला घेणाऱ्याला त्यांच्याकडे गेल्यावाचून गत्यंतर नसतं, मग प्रस्तावनेत ऋण मानलेलं असो वा नसो.

पेशवे दफ्तरातून निवडलेल्या खंडांचं तर त्याहून वेगळं झालं. अभ्यासकांनी त्यांना एक संक्षेप दिला, ‘पे. द.’, पुढे खंडाचा आकडा आणि पत्राचा आकडा. शेजवलकरांपासून परवाच्या पीएच. डी.पर्यंत तळटीपांत हा संक्षेप हजारो वेळा आला आहे. त्यात संपादकाचं नाव लिहायची पद्धत नाही.